नाशकात गमतीच्या गाण्यांचा बँड काढायचाय? पहिल्या तालमीपासून पहिल्या कार्यक्रमापर्यंत

गमतीची गाणी करणारा बँड काढायचाय पण सुरुवात कुठून करू, असं गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारलं. कुणी कॉलेज रोडचं पोरगं, कुणी सातपूरला शिफ्ट करून रात्री ढोलकी वाजवणारा, एक तर शाळेतल्या बाई होत्या. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहून काढू. आमचा पाच जणांचा बँड आहे, चार वर्षं झाली, आणि पहिल्या दीड वर्षात आम्ही ज्या चुका केल्या त्यात तुमचा वेळ जाऊ नये म्हणून हे सगळं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गंमत करायची ती शब्दांत, विषयात, आवाजांत. तालात आणि सुरात नाही. लोकांना वाटतं की गमतीचं गाणंय म्हणजे थोडं बेसूर चालेल, उलट मजा येईल. नाही येत. बेसूर गाण्यावर लोक एकदा हसतात, दुसऱ्या कडव्याला मोबाइल काढतात.

१. आधी महिनाभर फक्त ऐका

वाद्य विकत घेऊ नका, नाव ठरवू नका, महिनाभर ऐका. आणि सुरुवात घरापासून करा, म्हणजे भारुडापासून. संत एकनाथ पैठणचे, सोळाव्या शतकातले, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला राहणारे. विंचू चावला म्हणून बोंब मारायची, अंगविक्षेप करायचे, लोक खदाखदा हसतात आणि मग कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशी सोंगं घेऊन केलेली ही भारुडं नुसती वाचू नका, कुणीतरी उभं राहून करताना बघा. टाळ-मृदंग एक क्षण सैल पडत नाही, सगळा खट्याळपणा त्याच्या वर चालतो.

मग बाहेरचे ऐका. स्पाइक जोन्स नावाचा अमेरिकन माणूस, 1940 च्या दशकात त्याचा बँड जोरात होता. पिस्तुलाचे बार, गाईच्या गळ्यातल्या घंटा, शिट्ट्या, उचक्या असं सगळं गाण्यात, पण प्रत्येक बार नेमक्या मात्रेवर. फोनवर लावा आणि टाळी धरून मोजा, कुठेही हलत नाही. अर्जेंटिनाचे लेस लुथिएर्स, 1967 पासून 2023 पर्यंत चालले, डबे, नळ्या असल्या घरगुती सामानातून स्वतः वाद्यं बनवायचे आणि काळे सूट-बो घालून अगदी मैफिलीला बसल्यासारखे वाजवायचे. भाषा स्पॅनिश आहे, कळणार नाही, तरी बघा, कारण चेहरे किती शांत आहेत ते शिकायचंय. तीच गोष्ट न्यूझीलंडच्या फ्लाइट ऑफ द कॉन्कर्ड्सची, दोन माणसं, दोन गिटार, सरळ चेहरा.

वियर्ड अल यांकोविक तर या सगळ्यांतला माझा सगळ्यात लाडका. अकॉर्डियन (गळ्यात अडकवून वाजवायचं भात्याचं वाद्य) वाजवणारा माणूस, दुसऱ्यांच्या हिट गाण्यांना वेगळे शब्द लावतो. 1980 मध्ये तो रेडिओवर गायला गेला तेव्हा ताल धरायला जो माणूस अकॉर्डियन ठेवायच्या खोक्यावर थापा मारत होता, तोच त्याचा ड्रमर झाला आणि इतकी वर्षं तोच आहे. हे का सांगतोय ते पुढच्या मुद्द्यात येईल.

आणि किशोरकुमार. त्याचं यॉडलिंग (आवाज एकदम वर-खाली उडवत गाणं), मधेच वेगळा आवाज काढणं, एकाच गाण्यात बाई आणि पुरुष दोघांचा आवाज स्वतः गाणं, हे सगळं ऐकताना एकच काम करा, हार्मोनियमवर किंवा कीबोर्डवर त्याचा स्वर पकडत राहा. इतका वेडेपणा चाललेला असताना सूर किती पक्का आहे हे तेव्हा कळतं.

२. माणसं

तीन ते पाच. सहावा आला की तालमीची वेळ जमत नाही, अंबडवाला रात्रपाळीला, नाशिकरोडवाला ट्रेनला, हे असंच होतं.

ग्रुपमधला सगळ्यात विनोदी मित्र पहिला घेऊ नका. तो जोक मारतो, सगळे हसतात, तालीम संपते. पहिला माणूस शोधायचा तो लय धरणारा. ढोलकी असो, कहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) असो, टेबल असो, पण त्याची लय हलता कामा नये, आणि त्याला टिकायचं असलं पाहिजे, तो वियर्ड अलचा ड्रमर आठवा. आम्हाला असा माणूस मिळाला एका गणपती मंडळाच्या ढोल पथकात. नाशिक ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या हातात लय असतेच, फक्त त्यांना हळू वाजवायला शिकवावं लागतं आणि त्याला तीन महिने जातात हे धरून चाला.

दुसरा माणूस स्वच्छ उच्चारांचा. आवाज गोड नसला तरी चालेल. "ळ" आणि "ण" शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, कारण शब्द नाही कळला तर गंमत गेली. बाकीचे दोन-तीन कुणीही चालतील, मेहनती असले म्हणजे झालं.

३. सामान

हा माझ्या आवडीचा भाग आहे, इथे थोडं जास्त लिहिणार.

लागणारं सामान असं:
एक हार्मोनियम किंवा मेलोडिका (मेलोडिका म्हणजे फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड, हलकी, स्कूटरवर नेता येते)
ढोलकी किंवा कहोन
गिटार किंवा युकुलेली (चार तारांची छोटी गिटार), एकच पुरे
टाळ, खुळखुळा, दिमडी
दोन पिपाण्या, जत्रेत मिळतात त्या
सायकलचा रबरी भोंगा
मोबाइलमध्ये ट्यूनर (स्वर कुठला ते दाखवतो) आणि मेट्रोनोम (लयीला टकटक देतो), दोन्ही फुकट मिळतात
आणि भांडी

भांड्यांसाठी सराफ बाजाराजवळच्या भांडीबाजारात जा. रविवारी किंवा लग्नसराईत नको, मधल्या वारी दुपारी जा, दुकानदाराला आधीच खरं सांगा की वाजवायला हवीयत. आम्ही पहिल्यांदा न सांगता पातेल्यांवर टिचक्या मारत बसलो तर तो माणूस हैराण झाला, त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्यांदा सांगून गेलो तर त्यानेच आतून जुनी काशाची वाटी काढून दिली, आणि तिचा आवाज इतका वेळ घुमला की आम्ही सगळे गप्प झालो.

निवडताना लक्षात ठेवा. काशाचा आवाज सगळ्यात लांब चालतो, मग पितळ. स्टीलच्या जाड भांड्याचा आवाज लगेच मरतो, पण तोच ठोका म्हणून कामाला येतो, तेव्हा एक जाड पातेलंही घ्याच. भांडं मुठीत धरून वाजवू नका, कापडाच्या चुंबळीवर ठेवा किंवा काठाला दोरी बांधून लटकवा. दुकानात ट्यूनर चालू ठेवा आणि ज्याचा काटा एका स्वरावर स्थिर राहतो तेच घ्या, काही भांडी एकाच वेळी दोन-तीन स्वर बोलतात, ती गाण्यात खटकतात. वाटीत पाणी घातलं की स्वर खाली येतो, जलतरंगाचं तंत्र तेच, त्यामुळे थोडी चढी वाटी घेतली तर पाण्याने जुळवता येते. उतरी घेतली तर काही करता येत नाही, आम्ही घेतली होती, ती आता दह्याला वापरतो.

पिपाणीचा सापळा सांगून ठेवतो. तिचा स्वर ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा तो तुमच्या गाण्याच्या पट्टीत नसतो. तेव्हा आधी पिपाणी घ्या, ट्यूनरवर तिचा स्वर बघा आणि गाण्याची पट्टी तिच्यावरून ठरवा. उलटं केलं तर कधीच जुळणार नाही.

४. गाणं लिहिणं

विषय जवळचा घ्या. आपल्याकडे काय कमी आहे? रविवारची मिसळीची रांग, मेहेर सिग्नलला अडकलेली वरात, गोदेला पाणी आलं की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं यावरून घराघरात चालणारा हिशोब, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची की नाही यावर घाबरलेला पाहुणा. जे तुम्ही स्वतः बघितलंय ते लिहा, मोबाइलवर फिरणारे जोक गाण्यात घालू नका, ते लोकांनी आधीच वाचलेले असतात.

मग मात्रा मोजा. आमचं मिसळीच्या रांगेचं एक कडवं देतो, केरवा ताल 8 मात्रांचा, एक ओळ 16 मात्रांची म्हणजे दोन आवर्तनं (तालाच्या दोन फेऱ्या):

पोटामध्ये सुटला वारा
रस्त्यावरती गाव पसारा
टोकन हाती चारशे अठरा
पाटीवरती एकशे बारा

पहिल्यांदा आम्ही शेवटच्या दोन ओळी अशा लिहिल्या होत्या: "एकशे बारा पाटीवरती, चारशे अठरा टोकन हाती". अर्थ तोच, यमकही जमलंय, पण कुणी हसलं नाही. कारण हसवणारा आकडा आधी येऊन गेला आणि ओळ संपली "हाती" वर, ज्यात काहीच नाही. फिरवून लिहिलं आणि त्याच लोकांसमोर म्हटलं तर हशा. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा, ज्या शब्दावर हसू यायला हवं तो ओळीच्या शेवटी, यमकावर, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) तोंडाशी.

धृपद साधं ठेवा, दुसऱ्यांदा आलं की लोकांना म्हणता आलं पाहिजे. कडवी तीन, फार तर चार. आम्ही एका गाण्याला नऊ कडवी केली होती, सगळीच आम्हाला आवडत होती म्हणून, आणि सहाव्याला समोरची आजी उठून गेली.

कुणावर हसायचं हेही इथेच ठरवा. जात, रंग, जाडी, तोतरेपणा, खेड्यातली बोली यावर एकही ओळ नको. कोणी काही म्हणेल म्हणून नव्हे. समोर बसलेल्या शंभर माणसांत ते अंगावर घेणारं कुणीतरी असतं आणि ते घरी जाऊन रडतं, आणि आपण गाणी करतोय ती त्याला बरं वाटावं म्हणून. परिस्थितीवर हसा, आपल्या सवयींवर हसा, खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसांवर हसा. तेवढं पुष्कळ आहे.

सराव म्हणून आठवड्याला एक छोटं गाणं करा, अर्ध्या मिनिटाचं का असेना. दे माइट बी जायंट्स या न्यूयॉर्कच्या जोडीने 1980 च्या दशकात घरच्या आन्सरिंग मशीनवर गाणी ठेवायला सुरुवात केली, लोक फोन लावून ऐकायचे आणि गाणी बदलत राहायची. आपण तेच व्हॉट्सअ‍ॅपवर करू शकतो, घरच्या ग्रुपवर टाका, आत्या-मावश्या खरं ते लगेच सांगतात.

५. तालीम

जागा शोधणं हे नाशकातलं खरं दुखणं, फ्लॅटमध्ये पातेली वाजवली की बेल वाजतेच. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्याच दिवशी वर आले. त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि विनंती केली की काका, एक गाणं ऐका आणि जो शब्द कळला नाही तिथे हात वर करा. त्यांनी एका गाण्यात अकरा वेळा हात वर केला. ते अकरा शब्द आम्ही बदलले. असा एक माणूस प्रत्येक बँडला पाहिजे, गाण्यातलं काही कळत नसलेला आणि स्पष्ट बोलणारा. बाकी संध्याकाळी 5 ते 8 वाजवा, दुपारी झोपेची वेळ सोडा. कुणाचं गिरणारे किंवा मखमलाबादकडे शेत असेल तर फारच छान, द्राक्षाची छाटणी नसताना शेडमध्ये जागा मिळते.

तालमीत तीन गोष्टी करा. मेट्रोनोमवर अर्ध्या गतीत पूर्ण गाणं. मग शब्दांशिवाय नुसतं वाद्यांवर, कारण शब्द काढल्यावरही ते कानाला चांगलं लागलं पाहिजे. आणि मग हशाची जागा सोडून. हे तिसरं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या कार्यक्रमात पहिल्याच ओळीला लोक जोरात हसले, आम्ही खूश होऊन पुढे गेलो आणि पुढच्या दोन ओळी त्या हशात बुडाल्या, गोष्टच कळली नाही कुणाला. आता आम्ही अशा प्रत्येक जागी एक आवर्तन नुसतं वाजवतो, हशा चालू असेल तर अजून एक, ढोलकीवाला मान हलवतो तेव्हाच पुढचा शब्द. हशा नाही आला तर थांबायचं नाही, सरळ पुढे. दोन्हीची तालीम घरीच करा.

आणि स्वतः हसायचं नाही. आरशासमोर बसून सराव करा, फोनवर रेकॉर्ड करा. तुम्ही हसलात की लोक तुमच्याकडे बघतात, गाण्याकडे नाही.

६. कागदपत्रं आणि परवानग्या

कंटाळवाणं आहे पण वगळू नका.

दुसऱ्याच्या चालीवर विडंबन करणार असाल तर लक्षात घ्या, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला अशी वेगळी सूट लिहिलेली नाही, कलम 52 मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे एवढंच, आणि तुमचं गाणं त्यात बसतं की नाही यावर वाद होऊ शकतो. वियर्ड अल तर अमेरिकेत कायद्याची बरीच मोकळीक असूनही मूळ गायकाला विचारूनच करतो. माझा सल्ला, नवीन असताना स्वतःच्या चाली करा किंवा जुन्या लोकचाली घ्या. आपल्याकडे शब्द आणि संगीताचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात, त्यामुळे एकनाथांची भारुडं सगळ्यांची आहेत, पण त्यांचं एखाद्या कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग मात्र उचलायचं नाही. इंग्रजीत सराव करायचा असेल तर टॉम लेहरर या गणिताच्या प्राध्यापकाची गाणी बघा, त्याने 2020 मध्ये आपले शब्द आणि चाली सगळ्यांसाठी खुल्या करून टाकल्या.

सिनेमाची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, तो सहसा आयोजक काढतो, पण "काढलाय ना?" हे मेसेजवर लिहून विचारा.

लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून. आम्हाला आजवर लागलेली कागदं: साधा अर्ज (तारीख, वेळ, जागा, किती लोक), दोघांच्या आधारच्या प्रती, जागामालकाचं किंवा सोसायटीचं संमतीपत्र, साउंडवाल्याचं नाव-नंबर. आठ-दहा दिवस आधी द्या. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनी नियमांतला नियम आहे, सणांच्या ठरावीक दिवशी सरकार रात्री 12 पर्यंत सूट देतं पण तो दिवस त्यात आहे का ते ठाण्यातच विचारा. राहत्या भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या 100 मीटर आत शांतता क्षेत्र.

गाण्यांच्या मधे सोंगं, संवाद असं नाटकासारखं लिहिणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवावी लागते. त्याला वेळ लागतो, तारीख जाहीर करायच्या आधी पाठवा.

७. पहिला कार्यक्रम

कालिदास कलामंदिराचं स्वप्न सगळ्यांना असतं, मलाही आहे, पण पहिला कार्यक्रम तिथे नको. महापालिकेचं ते नाट्यगृह मोठं आहे आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर गमतीचं गाणं उभं राहत नाही. हसणं हे शेजारी बघून येतं, चाळीस माणसं दाटीने बसलेली असली तर दोनशेंच्या पसरलेल्या गर्दीपेक्षा बरं. सोसायटीची कोजागिरी, गणपतीचा मधला दिवस, वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग. कोजागिरी माझ्या मते सगळ्यात उत्तम, लोक निवांत असतात, हातात मसाला दूध असतं, मुलं जागी असतात. फक्त 10 च्या आत संपवा.

कॅफेत करणार असाल तर एक दिवस आधी त्याच वेळी जाऊन बसा. एका कॅफेत आम्हाला कॉफी मशिनच्या शेजारी उभं केलं, दर दोन मिनिटाला घर्रर्र, अख्खी संध्याकाळ एक कडवं नीट पोचलं नाही. आधी गेलो असतो तर कोपरा बदलून मागता आला असता.

साउंडवाल्याला पहिलं वाक्य हेच सांगा, "दादा, शब्द वर ठेवा, बाकी सगळं खाली." लग्नाच्या ऑर्केस्ट्राची सवय असते, ते ढोलकी आणि बेस वर नेतात. एकाला शेवटच्या रांगेत उभं करा आणि गाताना कुठला शब्द कळला नाही ते विचारा. भांड्यांना माइक जवळ लावू नका, हातभर लांब ठेवा नाहीतर शिट्टी मारतो.

पहिलं गाणं छोटं आणि ओळखीच्या विषयाचं, सगळ्यात चांगलं शेवटून दुसरं, शेवटचं असं की लोक सोबत म्हणतील. भाषणांच्या मधे जागा देत असतील तर नम्रपणे नाही म्हणा, हार-तुरे आणि सत्कार झाल्यावर लोकांना हसण्याच्या मूडमध्ये यायला वेळ लागतो आणि तुमची पंधरा मिनिटं त्यातच जातात.

कपडे साधे. रंगीत विग, जोकरचं नाक वगैरे घातलं की लोक आधीच ठरवतात की आता हे हसवणार, आणि मग हसवणं दुप्पट अवघड होतं. आम्ही पांढरा सदरा आणि काळी पँट घालतो, ते लेस लुथिएर्स बघितल्यापासून. भांड्यांवर गंभीरपणे वाजवणारा नीटनेटका माणूस बघूनच निम्मं काम होतं.

८. पैसे

पहिले तीन कार्यक्रम पेट्रोल आणि चहा-नाश्त्यावर करा. चौथ्यापासून मागा आणि निम्मे आधी घ्या, रक्कम, वेळ, साउंड कुणाचा हे सगळं मेसेजवर लिहून. गमतीची गाणी म्हणजे मेहनत नाही असं लोकांना वाटतं, "अरे पाच मिनिटं काहीतरी करा ना" म्हणतात, त्यांना शांतपणे सांगा की त्या पाच मिनिटांमागे दोन महिने आहेत. आलेले पैसे सारखे वाटा, भांडी धुणाऱ्यालाही तेवढेच.

९. दुसऱ्या दिवशी

कार्यक्रमाचं पूर्ण रेकॉर्डिंग फोनवर करा, स्टेजवरून नाही, लोकांच्यात ठेवून. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसून ऐका, वहीत प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हसले, थोडे हसले, नाही हसले. तीन कार्यक्रमांत ज्या ओळीपुढे "नाही" आलं ती काढायची, कितीही लाडकी असली तरी. व्हिडिओ टाकायचा असेल तर हे झाल्यावर टाका, खाली देवनागरीत शब्द लिहा, आणि टाकायच्या आधी त्यात मागे कुणाचं सिनेमाचं गाणं वाजत नाहीये ना ते तपासा, नाहीतर यूट्यूब ते आपोआप पकडतं.

आमच्या वहीत आता एकशे साठच्या वर खोडलेल्या ओळी आहेत. त्यातली एक मागच्या पावसाळ्यात परत काढली, शेवटचा शब्द पुढे-मागे केला, आणि ती आता दर वेळी हशा घेते, म्हणून खोडा पण फाडू नका.